एकाचा आवाज, अनेकांचा सूर

आमच्या चिकलठाण्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो लग्नाचा किंवा गणेशोत्सवाचा मांडव: पुरुषभर उंचीचे ध्वनिक्षेपक, चकाकता कोट घातलेला गायक आणि कोपऱ्यात इलेक्ट्रिक गिटार. शंभर वादक एका माणसाच्या हाताकडे पाहून वाजवीत आहेत, हे दृश्य आमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. तरीही या दोहोंचा संसार सुखाचा होतो काय, या प्रश्नाशी आमचाही संबंध आहे, असे मला वाटते.

पाश्चात्त्य संगीतातील कॉन्चेर्तो म्हणजे एक वाद्य आणि वाद्यवृंद यांचा संवाद. पूर्वी रचनाकाराला चिंता असे ती एकट्या वाद्याचा आवाज अनेकांत बुडू नये याची. विजेने हा न्याय उलटा केला. आता एक मनुष्य कळ फिरवून शंभरांना गप्प करू शकतो. तेव्हा प्रश्न केवळ कौशल्याचा उरत नाही. तो संयमाचा होतो.

24 सप्टेंबर 1969 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डीप पर्पल हा रॉक-संच आणि रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद एका मंचावर आले. रचनाकार जॉन लॉर्ड याने पहिल्या भागात दोघांना प्रतिस्पर्धीच कल्पिले होते. भांडण खरे होते, म्हणून समेटाला अर्थ आला. उलट स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीनचा 1998 सालचा गिटार-कॉन्चेर्तो घ्या. साथीला चेक फिलहार्मोनिकसारखा वाद्यवृंद. बोटांची चपळाई थक्क करते. पागानिनीवरील त्याची भक्तीही खोटी नाही. परंतु वाद्यवृंद बव्हंशी सतरंजी अंथरतो आणि गिटार तिच्यावरून धावत सुटते. आपल्याकडेही रागाचा चेहरा दिसण्यापूर्वीच तानांचा पाऊस पाडणारे गवई असतात. टाळ्या पडतात, राग मात्र कोरडाच राहतो.

मला जवळचे वाटते ते मुंबईचे उदाहरण. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय सुरांसाठी सिंफनी वाद्यवृंद उभा केला; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल पुढे लक्ष्मीकांतांसह संगीतकार झाले. त्यांच्या 'कर्ज' (1980) या चित्रपटातील गिटारची धून वाजविली ती प्यारेलालांचेच बंधू गोरख शर्मा यांनी. धून सर्वस्वी स्वतंत्र नाही. जॉर्ज बेन्सनच्या एका रचनेशी तिचे साम्य लपत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिची योजना पाहा. स्वर मोजके, घाई नाही. कथेत ही धून नायकाच्या गतजन्माची स्मृती जागी करते. गिटार एकटी आठवते. व्हायोलिनांचा ताफा त्या आठवणीभोवती जग उभे करतो. येथे एकाला अनेकांची गरज आहे, आणि अनेकांना एकाची.

कादंबरी लिहिताना मी हीच चूक केली आहे. माझा नायक एवढा बोलला, की गाव मुके राहिले.

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमीला आमचा एक माजी विद्यार्थी कारखान्यातली पाळी संपवून गिटार घेऊन आला. पहिल्या खेपेस मुलांचे समूहगान ऐकूच आले नाही. मी काही बोलण्यापूर्वीच त्याने आवाजाची कळ मागे फिरविली, मान झुकवून पोरांचे गाणे ऐकले, आणि मग कडव्यांच्या मधल्या जागेत चारच स्वर वाजविले. करामत त्याच्या बोटांत होतीच. त्या दिवशी ती कानांत उतरली.