एका ग्रंथकर्त्रीचीं तीन नांवें

ग्रंथसंग्रहालयाची तालिका हा समीक्षेचा विषय होऊं शकतो काय, असें कोणीं विचारलें तर आमचे पुष्कळ वाचक हंसतील. कारकुनानें ती करावी आणि वाचकानें तिच्यावरून बोट फिरवावें, यापलीकडे तिच्यांत पाहण्यासारखें तें काय? आमचेंहि मत बरेच दिवस असेंच होतें. तें बदलण्यास एक क्षुल्लक प्रसंग कारण झाला. एका जुन्या ग्रंथसंग्रहालयांत 'अलंकार-मंजूषा' हें पुस्तक पाहण्यासाठीं आम्ही गेलों होतों. 'बेडेकर, मालतीबाई' या नांवाखालीं तें मिळालें नाहीं. 'शिरूरकर, विभावरी' या नांवाखालींहि नाहीं. अखेर पुस्तकाच्या नांवावरून शोध करतां तें 'खरे, बाळूताई' या तिसऱ्याच घरीं नांदत असलेलें आढळलें. तीनहि नांवें एकाच व्यक्तीचीं. परंतु तीन नोंदींपैकीं एकींतहि दुसरीची ओळख देणारा एक शब्द नव्हता.

चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालानें 1876 सालीं तालिकेचे नियम छापून प्रसिद्ध केले. वाचकास ठाऊक असलेलें पुस्तक त्यास सांपडावें, हें तालिकेचें एक काम त्यानें सांगितलें. आणि अमक्या ग्रंथकाराचें या संग्रहांत काय काय आहे तें दाखवावें, हें दुसरें. पहिलें काम आमच्याकडील तालिका बऱ्यावाईट रीतीनें करितात. दुसऱ्याच्या वेळीं मात्र त्या हात टेकतात. त्याचा परिणाम काय होतो पाहा. 'कळ्यांचे निःश्वास' (1933) आणि 'बळी' (1950) वाचून विभावरी शिरूरकरांवर लिहूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यास 'घराला मुकलेल्या स्त्रिया' हें मालतीबाईंचें पुस्तक दिसतच नाहीं. सोलापूरच्या वसाहतींत नोकरी करून तेथील माणसें जवळून पाहिलेली बाई आणि 'बळी'ची लेखिका एकच, हें ज्याला समजलें नाहीं त्याची टीका अर्धी आंधळी होणार, यांत शंका नाहीं.

तेव्हां तिन्ही नांवें जोडून टाकावीं, म्हणजे झालें, असें वाटेल. परंतु 1933 सालच्या ग्रंथपालाचा क्षणभर विचार करावा. प्रौढ कुमारिकांच्या मनांतील कोंडमारा उघड बोलणारें तें पुस्तक. त्यावर उठलेलें वादळ. ही विभावरी कोण म्हणून लोकांनीं चालविलेला शोध! लेखिका स्वतः अविवाहित आणि शिक्षणाच्या कामांत गुंतलेली. तालिकेच्या एका पत्रकावर 'खरे, बाळूताई पाहा' एवढे तीन शब्द त्या वेळीं कोणीं लिहिले असते, तर तो मनुष्य नियमानें अगदीं बरोबर ठरला असता आणि व्यवहारांत चहाड! टोपणनांव ही कित्येकदां केवळ हौस नसते, ढाल असते. लेखकानें ती आपण होऊन खालीं ठेवीपर्यंत ग्रंथपालानें तिला हात लावूं नये, असें आमचें मत आहे. ती एकदां खालीं ठेविल्यावर मात्र आळसास क्षमा नाहीं.

कांहीं नांवें ढालीसाठीं नसतात, लेखकाच्या निरनिराळ्या वृत्तींसाठीं असतात. 'जोगवा' आणि 'दिवेलागण' यांचा कवि आरती प्रभु. 'कोंडुरा' लिहिणारा चिं. त्र्यं. खानोलकर. गडकरी नाटकांत गडकरी, कवितेंत गोविंदाग्रज आणि विनोदांत बाळकराम. अशा स्थळीं तीं दालनें मोडून सर्वांस एका आडनांवाच्या कोठडींत कोंबण्याची हौस आम्हांस रुचत नाहीं. प्रत्येक पुस्तक ज्या नांवानें निघालें त्याच नांवाखालीं राहूं द्यावें, आणि दोन्ही बाजूंनीं 'हेंहि पाहा' असें सांगणारी खिडकी ठेवावी. आंग्ल-अमेरिकन नियमावलीनेंहि 1988 च्या सुधारणेंत निरनिराळ्या नांवांस निरनिराळ्या नोंदी देण्याची अशी मोकळीक ठेविली.

आतांपर्यंत एकाचे तीन झालेले पाहिले. दोघांचा एक होणें हें त्याहून वाईट. 'नामा म्हणे' अशी मुद्रा दिसली कीं अभंग नामदेवांचा, या समजुतीनें तेराव्या-चौदाव्या शतकांतील नामदेव आणि एकनाथकालीन विष्णुदास नामा यांची कविता छापील गाथांत एकत्र मिसळली, आणि ती निवडतां निवडतां संशोधकांच्या पिढ्या खपल्या. ज्ञानेश्वरी लिहिणारा आणि अभंग रचणारा हे दोन निराळे पुरुष, असा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सुधारक' पत्रांत निघाला. तो काढणारे शिवराम एकनाथ भारदे स्वतः 'भारद्वाज' या नांवानें लिहीत होते, ही गंमत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्यांचें म्हणणें बहुतेकांस पटलें नाहीं. पण प्रश्न खोडसाळ नव्हता. तालिका करणारा 'ज्ञानदेव' लिहितो तेव्हां तोहि या वादांत एक मत देऊनच बसतो, मग तें त्याच्या ध्यानांत असो वा नसो.

म्हणून संशय असेल तेथें नांवें वेगळींच ठेवावीं. वेगळीं राहिलेलीं नांवें पुढें जोडावयास एक ओळ पुरते; एकदां कालवलेलीं निवडावयास प्रत्येक पुस्तक पुन्हां उघडावें लागतें.

संगणकानें हें काम सोपें केलें असा समज आहे. निरनिराळ्या देशांच्या मोठ्या ग्रंथालयांनीं एकाच ग्रंथकाराचीं भिन्न नांवें एका ठिकाणीं जोडण्याचा उद्योग 2003 पासून चालविला आहे, तो स्तुत्यच होय. परंतु आमच्याकडील यंत्रास 'कुलकर्णी' निराळा आणि 'कुळकर्णी' निराळा. माधव ज्यूलियनांचें टोपणनांव र्‍हस्व उकारानें लिहिलें कीं यंत्राच्या लेखीं ते दुसरेच गृहस्थ होतात. पटवर्धन हें त्यांचें आडनांव तर त्याच्या गांवींहि नसतें. 'फुलांची ओंजळ' लिहिणाऱ्या कवि 'बी'चा शोध आम्हीं एकदां अशा यंत्रावर केला, तेव्हां शेतकीवरील पुस्तकांचा असा कांहीं ढीग पुढें आला कीं नारायण मुरलीधर गुप्ते त्याखालीं पार दिसेनासे झाले.

ज्या संग्रहालयापासून आरंभ केला त्याच्या चालकांस आम्हीं तिन्ही नांवें एका कागदावर लिहून दिलीं. त्यांनीं तीं सौजन्यानें घेतलीं. महिन्यानें जाऊन पाहतों तों तीन पत्रकांवर पेन्सिलीनें 'पाहा' असें लिहिलेलें होतें; कोठें पाहावें, तें मात्र अद्याप लिहावयाचें होतें.