गाळ तळाशी असतोच

क्रोध, मान, माया, लोभ. पाठशाळेत चार बोटांवर मोजून शिकवलेले हे चार कषाय आपल्याला तोंडपाठ असतात. पर्युषणात त्यांच्यावर व्याख्यान होतं, आपण माना डोलावतो आणि घरी येऊन टीव्ही लावतो. टीव्हीवर तरी काय चालू असतं? तेच चार कषाय! थोरल्या जावेचा मान, धाकट्या दिराचा लोभ. दोषी कोण हे तिथे ढोल वाजवूनच सांगतात, आणि शेवटच्या भागात त्या माणसाची बरोबर फजिती होते. दोष ज्याचा, पतन त्याचं. हिशेब चुकता.

चांगल्या नाटकात, चांगल्या सिनेमात मात्र हा हिशेब इतका सरळ जुळत नाही. तो का जुळत नाही, हे मला इथे बघायचं आहे.

त्यासाठी आपल्याच शास्त्रातली एक गोष्ट उपयोगी पडते. आत्म्याच्या चढणीच्या चौदा पायऱ्या म्हणजे चौदा गुणस्थानं. त्यातल्या अकराव्या पायरीवर पोचलेल्या साधकाचे कषाय शांत झालेले असतात, पण नष्ट झालेले नसतात. म्हणून तो तिथे टिकत नाही, खाली येतोच. याला दृष्टान्त देतात तो गढूळ पाण्याचा. निवळी उगाळून टाकली की गाळ तळाशी बसतो आणि पाणी आरशासारखं दिसतं. भांडं हललं की पुन्हा सगळं गढूळ. इतक्या उंचीवर पोचलेल्या साधकाची ही गत, तर तुमची-माझी काय कथा! माझ्या मते माणसाच्या आयुष्यात हे भांडं सर्वांत जोरात हलवणारी गोष्ट म्हणजे अधिकार. अधिकार दोष जन्माला घालत नाही. तळाशी असलेला वर आणतो.

विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलं. कनोजहून पोट भरायला आलेल्या घाशीरामवर पुण्यात चोरीचा खोटा आळ येतो. मार बसतो, अपमान होतो, शहराबाहेर हाकललं जातं. त्याला राग येतो, आणि त्या रागाला कारण आहे. पण नुसता राग काय करणार? हातात काहीच नाही. मग तो स्वतःची मुलगी ललितागौरी नाना फडणवीसापुढे ठेवतो आणि बदल्यात कोतवाली मागून घेतो. त्यानंतर त्याच रागाला शिपाई मिळतात, कोठडी मिळते, परवाने मिळतात. अख्खं पुणं त्याच्या धाकात राहतं. शेवटी कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मरतात, लोक खवळतात आणि नाना एक हुकूम काढून घाशीरामला जमावाच्या हवाली करतो.

आता दोष मोजू या. लंपटपणा नानाचा, कपट नानाचं, सत्तेचा लोभ नानाचा. घाशीरामकडे आहे तो क्रोध आणि सूड. पडतो कोण? घाशीराम. नाना हात झटकून पुढच्या लग्नाला मोकळा! (हा नाना नाटकातला, हे ध्यानात ठेवायला हवं. इतिहासातल्या नानांचं असं चित्रण केलं म्हणून नाटकाला मोठा विरोधही झाला होता.) तेंडुलकर जे दाखवतात ते मालिकेच्या हिशेबापेक्षा कितीतरी कडू आहे. दोष दोघांतही असतो. पण ज्याची सत्ता उसनी असते, तो पडतो. ज्याने ती उसनी दिलेली असते, तो दुसरा घाशीराम शोधतो.

सिल्वासात बसून हे नाटक वाचताना मला आणखी एक गोष्ट दिसते. खऱ्या घाशीरामची पुण्यातली कोतवाली १७७७ ते १७९१ अशी. त्याच काळात, १७८३ साली, पुण्याच्या दरबाराने आपली ही नगर हवेली पोर्तुगिजांना देऊन टाकली. मराठी आरमाराने त्यांचं सांताना नावाचं जहाज पकडलं होतं, त्याची ही भरपाई. सवाई माधवराव पेशवे तेव्हा नऊ वर्षांचे. कारभार नानांच्या हातात. यात कुणाचा कषाय शोधायला मी बसलेली नाही, तो दोन सत्तांमधला व्यवहार होता. पण इथल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांना कुणी विचारलं होतं का? दरबाराच्या कागदावर जी एक ओळ होती, ती इथल्या लोकांसाठी २ ऑगस्ट १९५४ पर्यंत, म्हणजे १७१ वर्षं संपली नाही. देणारा देतो, घेणारा घेतो. जे दिलं जातं त्याला तोंड नसतं. नाटकातली ललितागौरी अशीच दिली गेली. तिला संवाद किती आहेत ते एकदा पाहा. जवळजवळ नाहीतच. आणि घाशीराम मरायच्या कितीतरी आधी ती मरून गेलेली असते.

हे ‘आधी मरणं’ एकदा लक्षात आलं की दुसऱ्या नाटकांतही दिसू लागतं. वि. वा. शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ घ्या. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी तो रंगमंचावर उभा केला, २०१६ साली नाना पाटेकरांनी पडद्यावर. गणपतराव बेलवलकर, म्हणजे आप्पा, उतारवयात सगळं मुलांच्या नावावर करून टाकतात. आपण म्हणतो, किती निर्लोभी माणूस! खरंय, लोभ नाही. पण मान? तो शिल्लक आहे. पैसा दिला, घर दिलं, तरी सम्राटपद स्वतःकडेच राहील असं त्यांना वाटतं. मुलाच्या घरात, मुलीच्या घरात ते राजासारखेच बोलतात, तेही आता हातात काही उरलेलं नसताना. शेक्सपिअरच्या लिअर राजाचं दुखणं हेच, आणि शिरवाडकरांनी ते आपल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणून ठेवलं.

आमच्या महिला मंडळात एकदा हा सिनेमा सगळ्यांनी मिळून पाहिला. रुमाल ओले झाले. नंतर चर्चा झाली ती मुलं कशी कृतघ्न निघाली याची. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “अगं, पण सगळं देऊन टाकायचं हे ठरवलं कुणी? तिला कुणी विचारलं होतं का?” ‘ती’ म्हणजे कावेरी, आप्पांची बायको. सगळ्याजणी गप्प झाल्या. आप्पांच्या उदारपणाची आणि मानीपणाची किंमत कावेरी भरते, आणि आप्पांच्या आधी संपते. प्रेक्षक म्हणून आपण आप्पांसाठी रडतो, कारण बोलायला भाषा आप्पांकडे आहे. कावेरीकडे फक्त सोसणं आहे.

बाई आधी मरत नसेल, तर दोष तरी तिच्या पदरात पडतो. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीचा लोभ राघोबादादांचा. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरलं तेही राघोबांनाच. पण आपल्या तोंडी काय बसलं आहे? आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला! अडीचशे वर्षं झाली, एका अक्षराची ती दंतकथा अजून पुसली जात नाही.

मग पतन अटळच असतं का? मला तसं वाटत नाही. डॉ. जब्बार पटेलांच्या ‘सामना’मध्ये हिंदुराव धोंडे-पाटील हा साखरसम्राट आहे. कारखाना त्याचा, गाव त्याचं, पोलीसही त्याचे. आजूबाजूला सगळे मान डोलावणारे. एक दारुडा मास्तर तेवढा मारुती कांबळेविषयी विचारत राहतो. निळू फुल्यांचा हिंदुराव त्या मास्तरला हाकलून देत नाही, उलट घरी ठेवून घेतो, दारू पाजतो. मला तर वाटतं, खरं बोलणारं कुणीतरी जवळ असावं अशी आतून त्यालाही भूक असावी. पण तोवर फार उशीर झालेला असतो. खून होऊन गेलेला असतो.

ज्याच्या बाबतीत उशीर झाला नाही, त्याची कथा आपल्या घरचीच आहे. भरताशी युद्ध जिंकूनही बाहुबलींनी राज्य सोडलं आणि ते ध्यानात उभे राहिले. वर्ष गेलं, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान होईना. आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावं लागेल, एवढा एक काटा मनात राहिलेला. तपाचा तोल तिथे अडलेला. श्वेतांबर परंपरेतल्या कथेत तेव्हा ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येतात आणि भावाला हत्तीवरून खाली उतरायला सांगतात. राज्य सोडलेल्या माणसाकडे हत्ती कुठून असणार? पण त्यांना कळलं. त्यांनी पाय उचलला, आणि ज्ञान झालं.

या कथेतला दोष आणि आप्पांचा दोष एकच आहे, मान. फरक कुठे पडला? बहिणी बोलू शकल्या आणि भावाने ऐकलं. घाशीरामजवळ असं कुणी उरलं नव्हतं. आप्पांजवळ कावेरी होती, पण आप्पांचा आवाज मोठा. अधिकार माणसाचं सगळ्यांत मोठं नुकसान करतो ते हे, की ‘हत्तीवरून उतर’ म्हणणारा आवाज त्याच्यापर्यंत पोचेनासा होतो.

तुम्ही म्हणाल, आम्हा बायकांकडे कसली आली सत्ता? आहे ना. कपाटाच्या किल्ल्या आहेत. सुनेने माहेरी किती दिवस राहायचं, हे कोण ठरवतं? मंडळाच्या कार्यक्रमात पुढच्या खुर्चीवर कोण बसायचं? आपल्यापैकी कितीतरी घरांचे कारखाने आमली, मसाट, रखोलीला आहेत. तिथली कामगार बाई पगार उशिरा झाला तर शेठाणीला तोंडावर विचारू शकते का? आपल्या समोर सगळे नीट बोलतात, याचा अर्थ पाणी निवळलंय असा होतोच असं नाही. गढूळ आहे म्हणायची कुणाची छाती नसेल.

संवत्सरीला आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. फोन आधी कुणाला जातात? नणंदेला, विहीणबाईंना, मंडळाच्या अध्यक्षांना. भांडी घासायला येणाऱ्या ताईला किती जणींनी म्हटलं? ती नाही म्हणू शकत नाही, म्हणून तिची क्षमा आपण गृहीतच धरतो. या वर्षी पहिला नंबर तिचा लावून पाहू या. आणि म्हणून झालं की लगेच वळू नका. ती काही बोलते का, तेवढं ऐकून घ्या.