गुरुजी, प्राध्यापक आणि पंतोजी : शिक्षकाच्या आत्मप्रतिमेचा प्रश्न

शिक्षक स्वतःला कोण समजतो, हा प्रश्न सहसा शिक्षणशास्त्राकडे सोपवला जातो. परंतु शिक्षकाची आत्मप्रतिमा त्याच्या एकट्याच्या चिंतनातून घडत नसते. त्याच्या भाषेने शिक्षकासाठी काही संबोधने, काही कथा आणि काही अपेक्षा आधीच सिद्ध करून ठेवलेल्या असतात. त्यांच्याशी जुळवून घेत अथवा झगडतच तो स्वतःला ओळखू लागतो. या अर्थाने हा प्रश्न साहित्यसमीक्षेचाही आहे. मराठीतील 'गुरुजी', 'प्राध्यापक' आणि 'पंतोजी' या तीन संबोधनांमागील मूल्यव्यवस्था तीन संहितांच्या आधारे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० अशी सुमारे सहा वर्षे अध्यापन केले आणि नंतर नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली व १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. 'गुरुजी' हे संबोधन सर्वतोमुखी झाले ते नोकरी सुटल्यानंतर, ही बाब लक्षणीय आहे. या पुस्तकाचा रूपबंधही हेच सुचवतो. श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो. प्रसंग शिकवण्याचाच आहे. पण तेथे अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, वेतन नाही. सांगणारा आणि ऐकणारा यांना बांधणारे सूत्र केवळ वात्सल्याचे आहे. मराठी शिक्षकाचा आदर्श अशा रीतीने शाळेच्या बाहेर, व्यवसायाच्या पलीकडे रचला गेला. त्याची उंची निर्विवाद आहे. मात्र नोकरी करणाऱ्या शिक्षकाला त्याने एक कायमची अपराधभावनाही दिली : पगार घेतो म्हणजे आपण पुरते 'गुरुजी' नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' (१९७५ ते १९७९) या चतुष्टयात हा आदर्श पार मोडीत निघालेला दिसतो. इंग्रजीचा प्राध्यापक असलेला चांगदेव पाटील एका गावातील महाविद्यालयातून दुसऱ्या गावातील महाविद्यालयात जात राहतो. चतुष्टयाची चर्चा बहुधा व्यवस्था विरुद्ध व्यक्ती, जातवास्तव आणि देशीयता या अंगांनी झाली आहे. ही अध्यापनव्यवसायाची कादंबरी आहे, याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. 'बिढार' म्हणजे तात्पुरता मुक्काम आणि 'झूल' म्हणजे बैलाच्या पाठीवर मिरवायचे वस्त्र. पदाशी असलेले चांगदेवाचे नाते या दोन शीर्षकांत सामावले आहे. संस्थाचालक, सहकाऱ्यांचे गट, भाड्याच्या खोल्या यांनी कादंबरीचा अवकाश व्यापलेला आहे. प्रत्यक्ष वर्ग त्या मानाने मागेच राहतो. चांगदेवाची सचोटी मुख्यतः नकारात्मक आहे. तो कशात सामील होणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. कशासाठी शिकवावे, याचे उत्तर त्याला स्वतःच्या नैतिकतेतून मिळत नाही.

म्हणजे एकीकडे व्यवसाय ओलांडणारा गुरुजी आणि दुसरीकडे व्यवसायात परका राहिलेला प्राध्यापक. वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन प्रतिमांत एक साम्य आहे. दोहोंतही शिक्षकाची मूल्ये त्याच्या रोजच्या कामात नसून त्याच्या अंतःकरणात आहेत.

तिसरी प्रतिमा याहून जुनी आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पोवाडा रचला आणि १८८२ मध्ये हंटर आयोगाला इंग्रजीत निवेदन सादर केले. पोवाड्यात दोषारोप आहे. निवेदनात पर्यायाची मांडणी आहे. शिक्षक प्रशिक्षित असावा. शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, मुलांत मिसळू शकणारा असावा. प्रसंगी नांगर वा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये. आणि त्याचे वेतन दरमहा १२ रुपयांहून कमी नसावे, अशा आशयाच्या अपेक्षा फुले मांडतात. येथे वेतन आणि मूल्य एकमेकांचे वैरी नाहीत. शिक्षकाची नैतिकता त्याच्या प्रशिक्षणावरून, पोटापुरत्या मिळकतीवरून आणि शिकणाऱ्याच्या श्रमाविषयी त्याला वाटणाऱ्या आदरावरून पारखता येते.

यावर आक्षेप संभवतो, की शासकीय चौकशीसाठी लिहिलेले निवेदन ललित संहितांच्या पंगतीला बसवणे योग्य नाही. शिवाय शिक्षकाचा सामाजिक स्तर सुचवणे म्हणजे त्याची ओळख जन्मावर ठरवणे होय. पहिला आक्षेप वाङ्मयप्रकारांच्या सोवळ्यातून येतो. दुसरा गंभीर आहे. परंतु फुल्यांनी स्तराबरोबरच प्रशिक्षण आणि श्रमाविषयीची वृत्ती यांचा आग्रह धरला आहे; या दोन्ही गोष्टी जन्माने मिळत नाहीत.

हा विचार आज निकडीचा का, हे पदव्युत्तर वर्गात चतुष्टय शिकवताना जाणवते. समोरचे काही विद्यार्थी उद्या नेट-सेट उत्तीर्ण होऊन तासिका तत्त्वावर शिकवू लागतील. त्यांचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरेल. सुट्टीचे महिने कोरडे जातील. चांगदेवाला निदान सोडून जाण्याजोगी जागा होती. ज्याला जागाच नाही, त्याच्यापुढे नकाराची नीती ठेवणे पोकळ आहे आणि त्यागाचा आदर्श ठेवणे तर क्रूरच, कारण त्याग त्याच्याकडून आधीच वसूल केला जात आहे. दरमहा १२ रुपयांचा आग्रह धरणारे निवेदन अशा वाचकाला भावनिक दिलासा देणार नाही. पण चांगले शिकवण्याची इच्छा आणि पुरेसे वेतन मागणे या एकाच मूल्याच्या दोन बाजू आहेत, एवढे ते त्याला निःसंदिग्धपणे सांगते. गुरुजी आणि प्राध्यापक या प्रतिमांच्या छायेत वाढलेल्या आपल्या समीक्षेने हे सांगितले नाही, ही उणीव आपण मान्य केली पाहिजे.