काड्या, रबरी नळी आणि भिजवलेले वाटाणे

अरविंद गुप्ता यांचे 'मॅचस्टिक मॉडेल्स अँड अदर सायन्स एक्स्परिमेंट्स' हे छोटेसे पुस्तक भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेने १९८७ साली प्रसिद्ध केले. वर्गात मुलांच्या हातून काही करून घ्यावे असे ज्यांना मनापासून वाटते, अशा शिक्षकांपैकी ते कधीच न चाळलेले फार थोडे असतील. पुस्तकाचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्याकडे कृती-पुस्तकांची समीक्षा जवळजवळ होत नाही. कवितासंग्रहाला जी कसोटी आपण लावतो, ती अशा पुस्तकाला लावायला संकोचतो. लेखकाचा हेतू चांगला आहे, मग दोष कशाला काढा, असे वाटते. हे पुस्तक त्या संकोचापेक्षा मोठे आहे. गेली काही वर्षे अंधेरी पूर्वेच्या एका मराठी शाळेत चौथीच्या वर्गावर मी ते वापरत आले आहे. जे दिसले ते लिहिते.

आधी थोडी पार्श्वभूमी. गुप्ता कानपूरच्या आय.आय.टी.तून इंजिनिअर झाले आणि पुण्याच्या टेल्को कारखान्यात काम करू लागले. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तेथे १९७२ पासून १६ माध्यमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता आणि त्याच १९७८ साली तो साऱ्या जिल्ह्यात न्यायचा घाट घातला गेला होता. (पुढे २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. ती वेगळीच कहाणी आहे.) आठवडी बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून काय करता येईल याचा शोध गुप्तांनी घेतला आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी यांची जोडी जमली. नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायचा, दोन्ही तोंडांत एकेक काडी सारायची, झाला सांधा. त्याच सांध्याला मधोमध सुईने किंवा काट्याने भोक पाडून तिसरी काडी घुसवली की तीन काड्यांचा सांधा. एवढ्या भांडवलावर त्रिकोण, चौकोन, घन, चतुष्फलक, घरे, मनोरे, काय वाटेल ते उभे राहते.

अशा साहित्याची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्या देशांतील शाळा उद्ध्वस्त झाल्या, तेथील विज्ञानशिक्षकांसाठी १९४८ साली युनेस्कोने एक पुस्तिका काढली होती. ती वाढत जाऊन १९५६ मध्ये शिक्षकांसाठी जाडजूड साधनग्रंथ झाला. उडालेला बल्ब म्हणजे चंबू, पत्र्याचा डबा म्हणजे स्टोव्ह, असा त्याचा बाणा. गुप्तांचे पुस्तक त्याच घराण्यातले, पण त्यात एक गुण अधिक आहे, तो म्हणजे चित्रे. मजकूर अगदी थोडा आणि प्रत्येक टप्प्याचे नेमके रेखाचित्र. माझ्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुले निम्म्याहून कमी आहेत. कुणाकडे भोजपुरी, कुणाकडे कानडी, कुणाकडे दखनी उर्दू. 'सांधा' म्हणजे काय ते मला फळ्यावर सांगावे लागले नाही. मुलांनी चित्र पाहिले आणि हात चालू केले. सूचनांचे वाचन हीच एक परीक्षा होऊन बसते, त्या आपल्या कार्यपुस्तिकांनी हे शिकण्यासारखे आहे.

आता अडचण. पहिल्याच वर्षी नळी मिळेना. स्टेशनाजवळच्या गल्लीत एक पंक्चरवाला बसतो. तो म्हणाला, "बाई, आता मुलांच्या सायकलींना मोटारसायकलसारखे व्हॉल्व्ह येतात. ही नळी मागतं कोण?" त्याच्याकडे वीतभर निघाली, तीही जुनी, ताणली की तडकणारी. काड्यांचेही तेच. वर्गातल्या बऱ्याच घरांत गॅस लायटरने पेटतो. 'घरून वापरलेल्या काड्या आणा' असे सांगितले, तेव्हा सातआठ जणांनी दुकानातून नवी काडेपेटी विकत आणली. डिसेंबर २०२१ मध्ये काडेपेटी १४ वर्षांनी एका रुपयाची दोन रुपयांना झाली. रक्कम फार नाही, पण 'बिनपैशाचा प्रयोग' हे शब्द मी तेव्हापासून जपून वापरते. शिवाय नव्या काड्यांचे गुल खरवडायचे कुणी? चौथीच्या ४३ मुलांच्या हाती मी ब्लेड देणार नाही. रविवारी घरी बसून मीच खरवडले.

यात पुस्तकाचा दोष काय, असे कुणी म्हणेल. एका अर्थी काहीच नाही. परंतु परिसरातल्या वस्तूंवर उभे असलेले पुस्तक त्या परिसराइतकेच टिकते, हे आपण विसरतो. फिल्म रोलची डबी, कॅसेट, पिवळ्या उजेडाचा बल्ब, यांवर बेतलेले किती तरी प्रयोग आज आपल्या वाचनालयांत तसेच पडून आहेत. शिक्षक यादी वाचतो, पहिली वस्तू मिळत नाही आणि पान उलटतो. अंधेरीचा भंगार होशंगाबादच्या बाजारासारखा नाही. साकीनाक्याच्या गाळ्यांतून रोज पोत्यांनी निघणारे तुकडे निराळे, आणि तेही फुकट नसतात. 'टाकाऊतून टिकाऊ' हे ब्रीद ज्यांच्या घरून रद्दी आणि बाटल्या विकून महिन्याचे चार पैसे येतात, त्या मुलांसमोर उच्चारताना मला तरी अवघडल्यासारखे होते. प्रदर्शनासाठी आणलेली बाटली दुसऱ्या दिवशी आईने परत मागवली, हे मी पाहिले आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील तारा सोलण्याचे काम करतात. तांबे निघाले की वरचे प्लॅस्टिकचे वेष्टण उरते. तो मुलगा पिशवीभर घेऊन आला. लाल, पिवळे, हिरवे. त्यातले जाड वेष्टण काडीच्या मापाचे होते. सारा वर्ग खूष. नळीचा प्रश्न सुटला असे मलाही वाटले. त्रिकोण झाले, चौकोन झाले. मग मी पुस्तकाप्रमाणे म्हटले, "आता दोन्ही दाबून पाहा. कोणता कलतो?" मुलांनी दाबले. कोणताच कलेना. एक मुलगी म्हणाली, "बाई, दोन्ही घट्ट आहेत." तिचे निरीक्षण अचूक होते आणि माझा पाठ बारगळला होता.

घरी आल्यावर उमगले. पुस्तकातल्या नळीचे काम नुसते काड्या धरून ठेवण्याचे नाही. ती बिजागरीचे काम करते. मऊ रबर कोपऱ्यात सहज वाकते, म्हणून चौकोनाचे कोन बदलू शकतात आणि तो कलतो. त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी ठरली की त्याचे कोनही ठरून जातात. सांधा कितीही सैल असला तरी त्याला हलायला वाव नाही. चौकोनाचे तसे नाही. त्याच चार काड्यांतून सरळ चौरसही होतो आणि तिरका पतंगही. हा फरक दिसायला सांधा सैलच हवा. ताठ प्लॅस्टिकने कोन आवळून धरले, त्यामुळे फरकच झाकला गेला. काडी बदलली तरी चालते. नळी बदलायची तर ती वाकणारीच हवी.

माझा पुस्तकावरचा मुख्य आक्षेप येथे आहे. कोणती वस्तू घ्यावी ते त्यात सुरेख दाखवले आहे. ती वस्तू का, तिचा कोणता गुण येथे कामाला येतो, हे सांगितलेले नाही. होशंगाबादेत सांगायची गरजही नव्हती, कारण नळी समोर होती. पण ज्या शिक्षकाला पर्याय शोधावा लागतो, त्याला वस्तूच्या नावापेक्षा तिचा गुण कळणे जास्त गरजेचे. नाही तर प्रयोग फसतो आणि तो का फसला हेही कळत नाही. असे एकदोनदा झाले की शिक्षक खडू-फळ्याकडे परत जातो. त्याला दोष देणे सोपे आहे.

पुढच्या खेपेला मी वाटाणे घेतले. ही युक्ती माझी नव्हे. बालोद्यानाचा जनक फ्रोबेल याच्या साधनांत भिजवलेले वाटाणे आणि काड्या होत्याच. अमेरिकेत १८९९ साली बकमिन्स्टर फुलर हा चार वर्षांचा, अधू दृष्टीचा मुलगा बालवर्गात असेच काम करत होता. इतर मुलांनी पाहिलेली घरे आठवून चौकोनी सांगाडे केले. याला नीट दिसतच नव्हते, म्हणून हाताला जे घट्ट लागले ते तो करत गेला आणि त्याचे सगळे त्रिकोण झाले. मोठेपणी त्रिकोणी जाळीच्या घुमटांसाठी त्याचे नाव जगभर झाले.

काड्यांऐवजी खराट्याचे हीर घेतले. यात एक लाभ अनपेक्षित मिळाला. काडेपेटीच्या काड्या सगळ्या सारख्या लांबीच्या. चौकोन कलू नये म्हणून मुले कर्णावर पाचवी काडी घालतात, तेव्हा ती तोकडी पडते. मग चौकोनच तिरपा करून बसवतात आणि दोन त्रिकोण चिकटलेला पतंग होतो. हीर हवा तेवढा तोडता येतो. ४ सेंटिमीटर बाजू असेल तर कर्णाला साडेपाचच्या किंचित वर लागतो, हे दोघा-तिघांनी तोडून, मोजून, पुन्हा तोडून काढले. चौथीला कर्णाचे सूत्र नसते. त्यांना ते नकोही होते.

शनिवारी शाळा सुटताना सगळी घरे खिडकीशी आणि कपाटात ठेवली. जानेवारी महिना, हवा कोरडी. सोमवारी कपाट उघडले तर काही घरे उंदरांनी नेली होती, त्यावर पाच मिनिटे रडारड झाली. उरलेली मुलांनी हातात घेतली आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, "बाई, शनिवारी हा चौकोन वाकत होता. आज वाकतच नाही."

आदल्या आठवड्यात आम्ही एकमुखाने वहीत लिहिले होते : त्रिकोण मजबूत, चौकोन कमकुवत. आता समोर चौकोन मजबूत. काय खोडायचे? कुणी म्हणाले वाटाणा सुकला. कुणी म्हणाले सुकल्यावर तो आवळतो, म्हणून हीर गच्च बसला. एकीने विचारले, "मग पुन्हा भिजवला तर?" वाटीत पाणी घेऊन तिने चौकोन बुडवून ठेवला आणि मधल्या सुटीनंतर दाबून पाहिला. अजून ताठ होता. शाळा सुटेपर्यंत कोपरे थोडे सैलावले होते. त्या दिवशी भाषेचा तास गेला. मी तो मुद्दामच जाऊ दिला. वहीतले वाक्य शेवटी मुलांनीच बदलले : सांधा सैल असला तरी त्रिकोण हलत नाही, चौकोन मात्र हलतो. हे वाक्य पहिल्यापेक्षा खरे आहे आणि मी ते सांगितलेले नव्हते.

नंतरच्या आठवड्यात मुलांनी बाहेर पाहायला सुरुवात केली. इमारतीला बांधलेल्या परांचीतला तिरका बांबू, जाहिरातीच्या मोठ्या फलकामागचा सांगाडा, स्टेशनाच्या पुलाखालची आडवी-तिरपी लोखंडे. एकाने सांगितले, आमच्या दाराची चौकट चौकोनी आहे, तिला तिरकी फळी का नाही? याचे उत्तर मी अजून त्यांच्याकडूनच मागते आहे.

पुस्तकात त्रिकोण-चौकोनाचे पान संपते तेथे आमचा सोमवार सुरू झाला. पुस्तकाने सगळे प्रश्न विचारावेत अशी माझी अपेक्षा नाही. पण ते जवळजवळ एकही प्रश्न मोकळा सोडत नाही. करा, पाहा, असे असे दिसेल, पुढचे पान. या बाबतीत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी तयार केलेली प्राथमिक विज्ञानाची 'स्मॉल सायन्स' मालिका मला अधिक धीट वाटते. मूल आधी बघते, चित्र काढते, आपल्या शब्दांत सांगते, आणि उत्तराची जागा कोरीच राहते. मात्र त्या मालिकेत वाचायचे पुष्कळ आहे आणि गुप्तांच्या रेखाचित्रांची झटकन हाताला बोलावण्याची शक्ती तिच्यात नाही. दोन्ही पुस्तके टेबलावर शेजारी ठेवून शिकवणे मला जमते. दोन्ही विकत घेणाऱ्या शाळा किती, हा प्रश्न वेगळा. गुप्तांनी आपली पुस्तके इंटरनेटवर सर्वांना फुकट खुली केली आहेत, हे येथे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जिचा ठपका लेखकापेक्षा आपल्यावर जास्त येतो. काड्यांचे मनोरे आपण विज्ञान प्रदर्शनात मांडतो. शेजारी एक मूल उभे करतो, त्याच्याकडून चार वाक्ये पाठ करून घेतो. पाहुणे येतात, वाक्ये ऐकतात, पुढे जातात. २०१५ नंतर ज्ञानरचनावादाचा गाजावाजा झाला, तेव्हा कित्येक शाळांच्या फरश्या रंगल्या आणि भिंतींवर तक्ते चढले. त्यातही काही ठिकाणी खरे काम झाले आणि काही ठिकाणी रंग तेवढा झाला. तयार मनोरा छायाचित्रात चांगला दिसतो. कललेला चौकोन दिसत नाही. मी स्वतः दोन वर्षे असे मनोरे मांडले आहेत, तेव्हा हे दुसऱ्या कुणाबद्दल बोलत नाही.

नवी आवृत्ती निघालीच तर प्रत्येक साहित्यापुढे एक ओळ असावी : ही वस्तू मऊ आहे म्हणून, ही पाण्याने फुगत नाही म्हणून, ही सारख्या मापाची मिळते म्हणून. एवढी ओळ असती तर ताराच्या वेष्टणाने माझा तास गेला नसता. किंवा गेला असता, पण मुलांसमोरच त्याचे कारण शोधता आले असते.

करून पाहणाऱ्यांसाठी : ४० मुलांना अर्धा किलो पांढरे वाटाणे पुरतात. आदल्या रात्री भिजवावे, सकाळी निथळून फडक्यावर पसरावे; फार ओले असले तर हीर घातल्यावर फुटतात. हिराची टोके सहाणेवर जरा घासून घ्यावी, नाही तर बोटात शिरतात. जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रयोग सुकवण्यासाठी करू नये. आम्ही एकदा केला. वाटाणे सुकले नाहीत, आंबूस वास सुटला आणि तिसऱ्या दिवशी काही चौकोनांच्या कोपऱ्यांना मोड आले. आणि कपाटाला नीट कडी हवी.