चित्रपट परीक्षण लेखन : मत आणि आधार ('देव डी'मधील पहाडगंजच्या निमित्ताने)

परीक्षण लिहायला सांगितले की बहुतेक वह्यांमध्ये तीनच गोष्टी आढळतात : कथा, कलाकारांची नावे आणि 'एकदा पाहायला हरकत नाही' हा निकाल. परीक्षण वाचणाऱ्याने चित्रपट पाहिलेला नसतो. तो तुमच्या शब्दावर विसंबून असतो. म्हणून प्रत्येक मताला पडद्यावर दिसणारा किंवा ऐकू येणारा आधार द्यावा लागतो. हे आपण अनुराग कश्यप यांच्या 'देव डी' (२००९) या प्रौढांसाठीच्या चित्रपटावरून पाहू. त्याचा मोठा भाग दिल्लीच्या पहाडगंजमध्ये घडतो.

१. कथा किती सांगावी?

पाचशे शब्दांच्या परीक्षणात कथेला शंभर शब्द पुरतात. 'पारोपासून दुरावलेला देव दिल्लीत येतो, पहाडगंजमध्ये दारू आणि नशेत बुडतो, तिथे त्याला चंदा भेटते' एवढ्यावर थांबावे. शेवट उघड करू नये. मात्र तुमचा मुद्दाच शेवटावर उभा असेल, तर वाचकाला आधी सावध करून मग लिहावे.

२. 'वास्तववादी' या शब्दाचा हिशोब

'दिग्दर्शकाने पहाडगंजचे अत्यंत वास्तववादी चित्रण केले आहे' हे वाक्य कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येते, कारण त्यात पाहिलेले काहीच नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा : 'पहाडगंजच्या प्रसंगांत लाल-निळ्या दिव्यांचा उजेड सगळीकडे सांडलेला आहे. देव नशेत असताना कॅमेराही त्याच्याबरोबर झोकांड्या खातो. त्यामुळे देवला दिसते ती गल्ली आपण पाहतो.' या वाक्यांत प्रकाश आहे, कॅमेऱ्याची हालचाल आहे आणि त्या दोहोंतून काढलेला निष्कर्ष आहे. वाचकाला तो पटला नाही, तरी नेमके कुठे पटला नाही हे त्याला सांगता येईल.

आता 'कोर्ट' (२०१४) आठवा. चैतन्य ताम्हाणे यांचा कॅमेरा मुंबईच्या न्यायालयात लांब, स्थिर उभा राहतो. माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात, तरी तो हलत नाही. दोन्ही चित्रपटांना 'वास्तववादी' म्हटले जाते, पण एक नायकाच्या डोळ्यांतून पाहतो, तर दुसरा कोणाच्याच बाजूला सरकत नाही. हा फरक सांगता आला, की तो विशेषण न वापरताही परीक्षण लिहिता येते.

३. ठिकाण ओळखीचे असेल तर

पहाडगंजमध्ये नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. इथेच १९६१ मध्ये ७० मिमी पडद्याचे 'शीला' चित्रपटगृह सुरू झाले आणि २०१७ मध्ये बंद पडले. इथे राहणाऱ्या किंवा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सहज वाटेल : 'हे आमचे पहाडगंज नव्हे! डबा घेऊन शाळेला निघालेली मुले यात कुठे आहेत?'

हा आक्षेप पुसून टाकू नका, पण तोच निकालही करू नका. आधी चित्रपटाचा हेतू पाहा. घर सुटलेल्या, पैशावर जगणाऱ्या तरुणाला शाळा दिसणारच नाही, आणि कथा त्याची आहे. नंतर दुसरा प्रश्न विचारा : या निवडीने वस्तीची कोणती ओळख दूरच्या प्रेक्षकाच्या मनात पक्की होते? पहिला प्रश्न चित्रपटाला न्याय देतो, दुसरा वस्तीला. दोन्ही विचारणारे परीक्षण तिथे राहणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच जमेल.

४. तुलना कशासाठी?

शरच्चंद्रांची 'देवदास' ही कादंबरी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर बिमल रॉय (१९५५) आणि संजय लीला भन्साळी (२००२) यांनीही चित्रपट केले. नुसती ही यादी दिल्याने काही साधत नाही. बदल कुठे झाला आणि त्याने काय साधले, हे सांगावे. (पुढील वाक्यात शेवट उघड होतो.) कादंबरीतला देवदास पार्वतीच्या दाराशी मरतो, कश्यप यांचा देव जगतो. प्रेमभंगाला मरणाची शोभा द्यायला हा चित्रपट नकार देतो, असे विधान या बदलावरून करता येते.

५. निवाडा

शेवटी आपले मत स्पष्ट लिहावे. वर दिलेल्या आधारांतून निघेल तेवढेच ते असावे. अभिनय आवडला असेल, तर कोणत्या प्रसंगात आणि कशामुळे, ते लिहा. चित्रपट मोबाइलवर पाहिला असेल, तर छायाचित्रण आणि ध्वनीविषयी बोलताना तसे नमूद करा.

स्वाध्याय

१. तुमच्या गावात किंवा वस्तीत घडणारा एक चित्रपट निवडा. त्यातील एका प्रसंगात कॅमेरा कुठे आहे, उजेड कसा आहे, काय ऐकू येते, हे मत न देता दहा ओळींत लिहा.
२. त्या दहा ओळींवरून निघणारे एकच मत दोन वाक्यांत मांडा.
३. तुम्ही पूर्वी लिहिलेल्या एखाद्या परीक्षणातील 'सुंदर', 'अप्रतिम', 'वास्तववादी' हे शब्द खोडा आणि उरलेला मजकूर पुन्हा वाचा.