सोशिकता की धीर? : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील छळाचे स्वरूप

श्रद्धेपायी छळ सोसणाऱ्या माणसाचे ख्रिस्ती परंपरेतील सर्वपरिचित चित्र रोमन साम्राज्यातील हुतात्म्यांचे आहे. तेथे छळणारी सत्ता परकी आणि निष्ठुर असते, सोसणारा एकटा पण निःशंक असतो. नव्या करारातील ज्या ग्रीक शब्दासाठी मराठीत 'धीर' किंवा 'सहनशीलता' असे शब्द योजले जातात, त्या 'हुपोमोने'चा मूळ अर्थ मात्र 'खाली टिकून राहणे' असा आहे. त्यात शौर्यापेक्षा कालावधी महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांच्या आत्मकथनांचा विचार करताना हा अर्थ विशेष उपयोगी पडतो. त्यांच्या वाट्याला आखाडा आणि श्वापदे आली नाहीत. त्यांचा छळ घरात झाला, आणि तोही बहुधा त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या हातून.

या छळाची सामाजिक बाजू ध्यानात घेणे आवश्यक आहे. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला शुद्ध करून जातीत घ्यावे, असा प्रयत्न बाळशास्त्री जांभेकरांनी केला, तेव्हा सनातन्यांचा रोष त्यांच्यावरही ओढवला. म्हणजे जाणाऱ्याइतकीच परत येणाऱ्याची व त्याला परत घेणाऱ्याचीही वाट बंद होती. पुढे १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत राखला. परंतु पंगत, पाणवठा आणि चूल यांवर कोणत्याही कायद्याची सत्ता चालत नव्हती.

बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' (१८८८) हे आत्मचरित्र या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथवर पोहोचण्यापूर्वीची त्यांची दीर्घ घालमेल हा या ग्रंथाचा खरा विषय आहे. मनाने ठरले आहे, पण आईवडिलांच्या दुःखापुढे पाऊल उचलत नाही, ही अवस्था त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविली आहे. तथापि ग्रंथाच्या नावातच त्याची रचना सूचित झाली आहे. अंधार, झुंजुमुंजू आणि उजेड असा तिचा क्रम आहे. बाप्तिस्मा हे कथनाचे लक्ष्य ठरल्यामुळे वाटेतील प्रत्येक यातना त्या लक्ष्याची पायरी होते, आणि मागे राहिलेल्यांचे अश्रू हे ओलांडावयाचे अडथळे ठरतात. हा दोष लेखकाच्या संवेदनशीलतेचा नाही. साक्षीपर आत्मकथनाच्या साच्याचीच ही मर्यादा आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा हा साचा मोडला गेला. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, त्या एका ख्रिस्ती माणसाची हिंदू पत्नी झाल्या. 'अरुणोदया'च्या साच्यात जी व्यक्ती अडथळा म्हणून आली असती, तीच येथे निवेदक आहे. चार-पाच वर्षांची ताटातूट, नातलगांचा जिव्हाळा आणि त्या जिव्हाळ्यातच दडलेला पहारा, लहानग्या दत्तूची चिंता, हे सारे त्या सांगतात. पण कोणालाही खलनायक करीत नाहीत. सोवळ्याने झपाटलेले वडीलही त्यांच्या लेखणीतून माणूस म्हणूनच उतरतात. वडिलांच्या त्या वेडामागे १८५७ च्या धामधुमीत घरावर कोसळलेला आघात होता, हे त्या आरंभीच सांगून टाकतात.

आपल्या समीक्षेने लक्ष्मीबाईंना 'सोशीक' हे विशेषण सढळपणे बहाल केले आहे. ते अपुरे आहे, किंबहुना अन्यायकारक आहे. सोशीक माणूस इतरांनी घेतलेला निर्णय सोसतो. लक्ष्मीबाईंनी त्या वर्षांत दोन निर्णय घेण्याचे ठामपणे टाळले. जातीसाठी त्यांनी पतीला टाकले नाही, आणि पतीसाठी त्याचा धर्मही उचलला नाही. टिळकांकडे परतल्यावरही आरंभी त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. माणसामाणसांतील भेद देवाने केलेले नाहीत, हे त्यांना पुढे स्वतःच्या विचाराने पटले, तेव्हाच ते बंधन सुटले. आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. स्वतःचा निर्णय पिकेपर्यंत दोन्ही बाजूंचा भार पेलून जागच्या जागी उभे राहणे, यालाच धीर म्हणावयाचे. 'हुपोमोने'चा याहून नेमका मराठी दाखला सांगणे कठीण आहे. विशेष असे की, तो दाखला त्यांनी ख्रिस्ती होण्यापूर्वी घातला आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाईंचा विनोद या साऱ्या दुःखाची धार बोथट करतो, आणि टिळकांच्या लहरीपणाला सूट देतो, असे म्हणता येईल. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पतीच्या वागण्यावर हसून पडदा टाकण्याची सवय त्या काळच्या घरांनी स्त्रीला लावलेली होती. परंतु लक्ष्मीबाई पतीइतक्याच स्वतःलाही हसतात, आणि ज्या प्रसंगावर हसतात तो संपूर्ण सांगून मगच हसतात. त्यांचे हसू घटना लपवीत नाही. घटनेने मनात कडवटपणा साठू नये, एवढीच दक्षता घेते. सूड न घेता सत्य सांगावयाचे असेल तर लेखकाला काही साधन लागते. त्यांचे साधन विनोद हे होते.

पंडिता रमाबाईंच्या उदाहरणाने याच प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंना १८९३ च्या सुमारास पुण्यात शारदा सदनावरून उठलेले वादळ सोसावे लागले, आणि पालकांनी मुली काढून नेल्या. दुसरीकडे, इंग्लंडमधील धर्मगुरूंनी आपल्या विवेकावर हुकमत चालवावी, हेही त्यांनी मानले नाही. सोसणे आणि नमणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या पत्रव्यवहारातून वारंवार प्रत्ययास येते.

ही आत्मकथने केवळ धर्मप्रचाराची कागदपत्रे म्हणून बाजूस सारणे, किंवा केवळ भक्तिभावाने त्यांची पूजा करणे, या दोन्ही गोष्टींनी मराठी वाङ्मयाचे नुकसानच होईल. छळाच्या वाङ्मयाची कसोटी जखम किती खोल होती ही नसते. ज्याने जखम केली त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी लेखनात शाबूत राहिली की नाही, ही असते. 'अरुणोदय'मध्ये धर्मांतरिताची वेदना आहे, 'स्मृतिचित्रे'मध्ये मागे राहिलेल्या व्यक्तीची. अभ्यासकांनी हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. तसे वाचले तरच त्या काळच्या एका घराची पूर्ण कथा हाती लागते, आणि उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना किती धीर लागला असेल, याचा अंदाज येतो.