त्याग कुणाचा आणि तुळशीपत्र कुणाचं? फुटबॉलपटूंच्या पगारकपातीबद्दल

आजचा विषय कळल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, नीतिशास्त्राच्या व्याख्यानात फुटबॉल कशाला? आमचं म्हणणं असं की, ‘त्याग’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. तो किती स्वस्त झाला हे पाहायचं असेल, तर श्रीमंत माणसाकडे त्याग मागितला जातो ती वेळ पाहावी. गरिबाकडे मागितला तर आपल्याला निदान वाईट तरी वाटतं. श्रीमंताकडे मागितला की आपण टाळ्या वाजवतो आणि विचार करणं थांबवतो.

प्रसंग आहे 2020 च्या वसंतातला, इंग्लंडमधला. 13 मार्चला प्रीमियर लीग थांबली होती. 2 एप्रिलला ब्रिटनचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक पत्रकार परिषदेत होते. रुग्णालयांत माणसं मरत होती, परिचारिका आणि डॉक्टरही मरत होते. तिथे फुटबॉलचा प्रश्न निघाला आणि मंत्रिमहोदय म्हणाले की, लोक एवढे त्याग करत असताना प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी पगारकपात घ्यावी आणि आपला वाटा उचलावा. ऐकायला किती बरं वाटतं! आठवड्याला लाखो पौंड मिळवणारी पोरं एकीकडे आणि मास्कवाचून काम करणारी परिचारिका दुसरीकडे. यावर वाद तो काय घालायचा?

आमचा वाद सुरू होतो तो एका साध्या प्रश्नापासून. खेळाडूनं पगार सोडला तर तो पैसा जातो कुठे? परिचारिकेकडे जात नाही. रुग्णालयाकडेही जात नाही. तो क्लबच्या तिजोरीत राहतो, म्हणजे शेवटी क्लबच्या मालकाकडे. मंत्र्यांनी करुणा जागवली ती परिचारिकेच्या नावानं, आणि सवलत मिळणार होती ती मालकाला. आपल्याकडे याला चांगली म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. इथे तर तुळशीपत्र ठेवणारा सरकारचा, घर खेळाडूचं आणि पेढे खाणारा तिसराच.

हा तिसरा त्या आठवड्यात काय करत होता तेही पाहू. ब्रिटिश सरकारनं फर्लो नावाची योजना आणली होती. काम बंद पडलेल्या कर्मचाऱ्याचा 80 टक्के पगार, महिन्याला 2,500 पौंडांपर्यंत, सरकार देणार. योजना होती बुडायला आलेल्या धंद्यांसाठी. टॉटनहॅमनं 31 मार्चला जाहीर केलं की सुमारे 550 बिगर-खेळाडू कर्मचारी आणि संचालकांच्या पगारात 20 टक्के कपात होईल, आणि जिथे जमेल तिथे ही सरकारी योजना वापरली जाईल. त्याच सुमारास क्लबचे हिशेब प्रसिद्ध झाले, आणि त्यात अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांना आदल्या हंगामात बोनससकट 70 लाख पौंड मिळाल्याचं दिसलं. चार दिवसांनी लिव्हरपूलनंही योजनेचा हात धरला. या क्लबनं नुकताच 4 कोटी 20 लाख पौंडांचा करपूर्व नफा दाखवला होता. चाहते भडकले. लिव्हरपूलनं दोन दिवसांत माघार घेतली, टॉटनहॅमनं तेरा तारखेला. ही माघार मंत्र्यांच्या आवाहनामुळे झाली नाही, ती चाहत्यांनी घडवली. मंत्र्यांनी मालकांचं नावही घेतलं नव्हतं, आणि बँकवाल्यांचं तर नाहीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे खेळाडूंची बाजू घेताय. थांबा. खेळाडूंच्या संघटनेनं, पीएफएनं, 4 एप्रिलला जे उत्तर दिलं तेही आम्हाला पटत नाही. त्यांचा हिशेब असा की 30 टक्के कपात वर्षभर केली तर 50 कोटी पौंडांहून जास्त पगार जाईल, आणि सरकारचा 20 कोटींहून जास्त कर बुडेल. मग आरोग्यसेवेचं नुकसानच नाही का? आकडेमोड बरोबर आहे, इंग्लंडमध्ये वरच्या उत्पन्नावर 45 टक्के कर होता. पण युक्तिवाद म्हणून हा लंगडा आहे. या न्यायानं जगातला कुठलाही अवाढव्य पगार समर्थनीय ठरतो, कारण त्यावर कर बसतो. आणि वाचलेल्या पैशातून तिकीटघरातल्या माणसाची नोकरी टिकली तर? त्याचं काय, हे त्या गणितात नाही. कर देणं ही कायद्यानं आलेली गोष्ट आहे, तिला पुण्य म्हणून पुढे करू नये.

खरं पाहिलं तर त्या दिवसांत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. एक कर, तो राज्य वसूल करतं आणि सगळ्यांकडून करतं. दुसरं दान, ते मी ठरवतो, कुणाला द्यायचं हेही मीच ठरवतो. तिसरी सवलत, म्हणजे माझं देणं असलेल्याला मी म्हणतो, राहू दे. पगारकपात ही तिसऱ्या जातीची, पण तिला कपडे चढवले गेले दुसरीचे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र पाहण्याची अट आहे. पात्र न पाहता दिलं तर ते दान तामस ठरतं. एप्रिल 2020 मध्ये काळ तर उघडच होता. पात्र मात्र कुणी पाहिलं नाही.

खेळाडूंनी मात्र पाहिलं, हे नोंदवायला हवं. 8 एप्रिलला लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन आणि इतर कर्णधारांच्या पुढाकारानं ‘प्लेअर्स टुगेदर’ नावाचा निधी उभा राहिला. क्लब आणि लीग या दोघांना बाजूला ठेवून पैसा सरळ आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांकडे. ज्यांना आपण नुसती पायानं हुशार समजतो, त्या पोरांना सवलत आणि दान यातला फरक मंत्र्यांपेक्षा लवकर कळला.

पण मुळात एवढा पगार त्यांचा हक्काचा आहे का? इथे रॉबर्ट नोझिकचं उदाहरण आठवतं. 1974 च्या आपल्या पुस्तकात त्यानं बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनला उभं केलं. प्रत्येक प्रेक्षक तिकिटातले 25 सेंट खुशीनं त्याच्यासाठी देतो, हंगामात दहा लाख लोक येतात, तो श्रीमंत होतो. यात अन्याय कुठे? आम्ही वर्षानुवर्षं हे वर्गात शिकवलं आणि मुलं दरवेळी नोझिकच्या बाजूनं झुकायची. पण महामारीत प्रेक्षकच नाही! पेटीत 25 सेंट पडतच नाहीत. म्हणजे नोझिक इथे खेळाडूच्या मदतीला येत नाही. खेळाडूला आधार आहे तो वेगळाच, कराराचा. आणि करारात जोखीम कुणाची हे ठरलेलं असतं.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये हा मुद्दा जुना आहे. 1901 पासून तिथे खेळाडूला आठवड्याला 4 पौंडांची कमाल मर्यादा होती. ती वाढत वाढत 20 पौंडांवर आली आणि जानेवारी 1961 मध्ये गेली, तीही जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची तयारी केल्यावर. त्या साठ वर्षांत मैदानं भरत होती, पण जादाचा पैसा खेळाडूकडे जात नव्हता, आणि तेव्हा कुठला मंत्री मालकांना म्हणाला नाही की आपला वाटा उचला. आज मालकाचा फायदा दरवर्षीच्या ताळेबंदात दिसेलच असं नाही, तो क्लबच्या वाढत्या किमतीत साठतो. लिव्हरपूल 2010 मध्ये 30 कोटी पौंडांना विकला गेला होता. त्या भावात आज तो कुणी विकेल का? ज्याच्याकडे वाढ जाते, त्यानं घट आधी सोसावी. हा आमचा पहिला नियम. आधी मालक, मग वरचे पगारदार, आणि तिकीटघरातला माणूस सर्वांत शेवटी.

दुसरी अट हिशेबाची. इथे आर्सेनलचं प्रकरण बोलकं आहे. तिथल्या खेळाडूंनी एप्रिलमध्ये साडेबारा टक्के कपात मान्य केली, वर्षभरासाठी. मेसुत ओझिलनं नाही म्हटलं. त्याचा पगार आठवड्याला साडेतीन लाख पौंड असल्याच्या बातम्या होत्या, त्यामुळे वृत्तपत्रांनी त्याला सोलून काढला. त्याचं म्हणणं होतं की पैसा कुठे जाणार ते आधी सांगा, घाई करू नका. ऑगस्टमध्ये त्याच क्लबनं 55 कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. कपात देणारे खेळाडूही चकित झाले. त्यांची समजूत होती की नोकऱ्या वाचवायला आपण पगार सोडला. ऑक्टोबरात बातमी आली की गनरसॉरस, म्हणजे मैदानावर फिरणारा तो हिरवा डायनासोर, त्याच्या पोटातल्या माणसाचीही नोकरी गेली. आणि त्याच दिवशी क्लबनं थॉमस पार्टे हा खेळाडू साडेचार कोटी पौंडांना घेतला! ओझिलनं जाहीर केलं की मी आर्सेनलमध्ये आहे तोवर डायनासोरचा पगार मी देतो. यात थोडा डिवचण्याचा भाग असेल, असू दे. ओझिलच्या मनात खरोखर काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. पण हेतू हलका असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. ‘माझ्या पैशाचं काय करणार?’ हे विचारणाऱ्याला कंजूष म्हणणं ही देणगी गोळा करणाऱ्यांची जुनी युक्ती आहे, आपल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीपासून आपण ती ओळखतो.

जिथे कुणी प्रश्न विचारला नाही तिथे काय झालं? ज्युव्हेंटसनं 28 मार्च 2020 ला जाहीर केलं की खेळाडू आणि प्रशिक्षक चार महिन्यांचा पगार सोडत आहेत, क्लबचे 9 कोटी युरो वाचतील. जगभर कौतुक झालं, इंग्रज खेळाडूंना तो दाखला दिला गेला. नंतर ट्युरिनच्या सरकारी वकिलांनी आरोप केला की प्रत्यक्षात एकच महिना सोडला होता, बाकीचे पैसे खाजगी कागदांवर पुढच्या वर्षांत द्यायचे ठरले होते. नोव्हेंबर 2022 मध्ये अख्खं संचालक मंडळ पायउतार झालं. पुढल्या मे महिन्यात पगारांचं प्रकरण फुटबॉल महासंघासमोर 7 लाख 18 हजार युरोंच्या दंडावर मिटलं. क्रिस्तियानो रोनाल्डो लवादाकडे गेला आणि 2024 मध्ये लवादानं त्याला सुमारे 97 लाख युरो द्यावेत असं सांगितलं. म्हणजे ज्याला जग त्याग समजत होतं ती उधारी होती. उधारीत वाईट काही नाही, पण तिला उधारी म्हणावं. त्याच मार्चच्या शेवटी आपल्या राज्य सरकारनंही पगाराचा निर्णय जाहीर केला होता, आठवत असेल. लोकप्रतिनिधींचे 60 टक्के, वरच्या अधिकाऱ्यांचे 50, तिसऱ्या वर्गाचे 25, चौथ्या वर्गाला हात नाही. आधी कपात म्हणून गाजलं, मग खुलासा झाला की पगार दोन टप्प्यांत मिळेल. शब्दाचा गोंधळ इथेही झालाच, पण उतरंड मात्र बरोबर लावली होती, हे मान्य करायला हवं.

मग पगार सोडावा असं कुठेच नाही का? आहे. बार्सिलोनाला एक मालक नाही, लाखाहून जास्त सभासद आहेत. तिथे खेळाडूंनी 70 टक्के कपात घेतली आणि वर स्वतःचा पैसा घातला, क्लबच्या इतर कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून. मेस्सीनं त्या निवेदनात क्लबमधल्याच काही लोकांना टोला हाणला, की आम्ही जे करणारच होतो त्यासाठी आमच्यावर दबाव कशाला. जर्मनीत बायर्न, डॉर्टमुंड, लाइपझिग आणि लेव्हरकुसन या चार क्लबांनी मिळून 2 कोटी युरोंचा निधी लहान क्लबांसाठी काढला. दोन्हीकडे पैसा खाली वाहिला, घेणारा दिसत होता. खेळाडूचं कर्तव्य आहे, नक्कीच आहे, पण ते मालकाशी नाही. शेजारी काम करणाऱ्या माणसाशी आहे. त्याच्या घामावर मैदान उभं राहतं आणि त्याचा करार कुणी वाचत नाही.

आता शेवटचं, आणि हे आपल्या घरचं. वर आपण बोललो ते सगळे कोट्यधीश. भारतातला फुटबॉलपटू तसा नाही. 2020 मध्ये ईस्ट बंगालच्या खेळाडूंचे करार अटळ आपत्तीचं कलम दाखवून मुदतीआधी संपवले गेले. 2025 मध्ये तर महामारीही नव्हती. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपणार होता, नूतनीकरण होईना, हंगाम लटकला. आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं मुख्य संघाचे खेळाडू व कर्मचारी यांचे पगार बेमुदत थांबवले. चेन्नईयिननंही तेच केलं. इथे कुणी पगार सोडा म्हणून विनंती केली नाही, मंत्र्यानं आवाहन केलं नाही, वर्तमानपत्रानं कंजूष म्हटलं नाही. पगार नुसता थांबला. इंग्लंडच्या खेळाडूला निदान ‘नाही’ म्हणायची सोय होती, मागे 1961 ची संघटना उभी होती. आपल्याकडच्या मुलाला, मग तो गोव्याचा असो, मणिपूरचा असो की कोल्हापूरचा, कपात मान्य आहे का हे विचारणारंच कुणी नव्हतं. तेव्हा ‘खेळाडूंनी कपात स्वीकारावी का’ हा प्रश्न आपल्याकडे विचारायचा असेल, तर स्वीकारणं किंवा नाकारणं त्यांच्या हातात आहे का, हे आधी विचारावं लागेल.

वेळ संपत आली. मागे बसलेल्यांनी केव्हाचा हात वर केला आहे, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.